मागच्या सीटखालचा मध्यस्थ

"गाडी कधी बिघडत नसते. बिघडते ती माणसाची नियत."

हे वचन गफ्फारभाऊंनी धानोऱ्याच्या बसस्टँडसमोरच्या टपरीवर उच्चारलं, तेव्हा दोन हजार सात साल सरत आलं होतं आणि चहा निवत आला होता. गफ्फारभाऊ मोहफूल, हिरडा, चारोळी आणि लाखेचे व्यापारी. बाजारभावाखेरीज दुसरं काही ते सहसा उच्चारत नसत. त्यामुळे टपरीवर अशी शांतता पसरली, की आता कोणी तरी उठून हे भिंतीवर रंगवून घेतं की काय असं वाटलं. भाऊंनी कप खाली ठेवला, आपल्या गाडीत बसले, गाडी वळवायला स्टेअरिंग शेवटपर्यंत कापलं, आणि गाडीच्या पोटातून एक लांबलचक, खोल, दुःखी हुंकार बाहेर पडला. टपरीच्या खांबाला बांधलेली बकरी दोर तोडून समोरच्या सरकारी कार्यालयात शिरली. तिला बाहेर यायला दुपार झाली. तिथे गेलेल्या इतरांच्या मानाने ती लवकरच सुटली म्हणायची.

वचनाचं पुढे काय झालं, ते कोणी विचारलं नाही.

ही गाडी भाऊंनी नागपूरच्या एका डॉक्टरकडून जुनी घेतली होती. परदेशी बनावटीची, चारही चाकांनी ओढणारी. डॉक्टरांनी तिला कधी चिखल दाखवला नव्हता. ते तिला रविवारी तलावाच्या काठापर्यंत नेत आणि मक्याचं कणीस खाऊन परत आणत. भाऊंनी तिला पहिल्याच आठवड्यात कोसमटोल्याच्या नाल्यात घातली. त्याआधी त्यांच्याकडे जुनी जीप होती. जीप फसली की खाली उतरायचं, चिखलात उकिडवं बसून पुढच्या चाकांवरच्या टोप्या हातानं फिरवायच्या, मग वर चढून एक दांडा ओढायचा, मग जीप निघायची आणि भाऊंची चप्पल नाल्यात राहायची. या गाडीत तसलं काही नव्हतं. पुढची चाकं घसरली, जागच्या जागी फिरली, आणि मागच्या चाकांनी कोणी न सांगता जोर लावला. गाडी बाहेर आली. भाऊ काठावर उतरून बराच वेळ मागच्या चाकांकडे पाहत राहिले. न सांगता मदतीला येणारं असं कोणी त्यांना व्यापारात भेटलं नव्हतं. नातेवाइकांत तर नाहीच.

प्रेम बसलं की माणूस खाऊ घालतो. भाऊंनी त्याच संध्याकाळी गाडीला खाऊ घातलं.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मध्ये एक लोखंडी गोळा असतो, त्यातून चाकांना फेर मिळतो, आणि त्या गोळ्यात ऑइल असतं. धानोऱ्यात त्या काळी अशा प्रत्येक गोळ्यात एकच ऑइल पडायचं, नव्वद नंबर. मधासारखं घट्ट आणि वासाला कडू. जीपला नव्वद, ट्रॅक्टरला नव्वद, धानगिरणीला नव्वद, शाळेच्या फाटकाच्या बिजागरीलाही नव्वद. ज्याला नव्वद चालत नाही असं यंत्र वरच्यानं बनवलंच नाही, या एका बाबतीत गावात सर्वधर्मीय एकमत होतं. भाऊंनी गोळा उघडला तर आत काही तरी पातळ, पाणचट निघालं. डॉक्टर लोकाइनं गाडीले काढा पाजून ठेवला, असं म्हणत त्यांनी ते ओतून दिलं आणि बाजारातलं सगळ्यात चांगलं नव्वद नंबर काठोकाठ भरलं. वर शेजारीपाजारी पेढे वाटले.

गाडी कण्हायला लागली ती त्यानंतर. पण नुकताच पेढा खाल्लेल्या माणसाला एका गोष्टीतून दुसरी निघते हे लवकर दिसत नाही.

सरळ रस्त्यावर गाडी गप्प असे. तिला वळण दिलं, तेही आखूड, चौकात किंवा फाटकात देतात तसं, की आवाज निघे. गावाने आपापली मतं दिली. कोणी म्हणालं गॅस धरला असेल. कोणी म्हणालं डॉक्टरची गाडी आहे, एखाद्या पेशंटची हाय लागली असेल. गफ्फारभाऊंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि शक्य तेवढं सरळ जायला सुरुवात केली. त्यामुळे ते पुष्कळदा भलत्याच गावी पोचत.

त्यांच्या पत्नी रहमतबी यांचं मत वेगळं होतं, कारण त्यांची बसायची जागा वेगळी होती. पुढच्या सीटवर चारोळीच्या नमुन्यांच्या पिशव्या असत. म्हणून रहमतबी मागे बसत, आणि तो आवाज नेमका मागच्या सीटखालून येई.

चंद्रपूरला त्यांची भाची महेक हिचं लग्न होतं. शादीखान्याच्या फाटकात गाडी वळली. स्वागताला बायका ओळीने उभ्या होत्या. आवाज निघाला, चांगला ऐसपैस. रहमतबी चेहरा सरळ ठेवून उतरल्या. दोन वयस्क बायकांनी त्यांना दोन्ही दंडांना धरून आत नेलं, पंख्याखाली बसवलं, आणि हळू आवाजात ओव्याचं नाव घेतलं. जेवायच्या वेळी त्यांच्यापुढची बिर्याणी कोणी तरी अलगद उचलली आणि दहीभात ठेवला. रहमतबींनी तो दहीभात शेवटच्या शितापर्यंत संपवला. त्यांच्याकडे पाहून गफ्फारभाऊंनीही बिर्याणी कमीच खाल्ली.

निकाल परतीच्या वाटेवर लागला. लग्नाला वरोऱ्याचे एक कापसाचे व्यापारी आले होते आणि गाडी त्यांच्या डोळ्यात भरली होती. भाऊ हात धुवायला गेले तेवढ्या वेळात रहमतबींनी व्यापाऱ्याच्या बायकोशी बोलून घेतलं होतं. शुभ म्हणून गाडी रहमतबींच्या नावावर घेतलेली होती. शुभाचा असा उपयोग होईल हे भाऊंच्या ध्यानात आलं नव्हतं.

"रविवारी येऊन राह्यले ते गाडी न्यायले," रहमतबी मागून म्हणाल्या. "तोवर आवाज गेला तर गाडी राहीन. नाई गेला तर गाडी जाईन."

भाऊंनी समजावून पाहिलं, की हे यंत्र आहे, त्याला वेळ लागतो, आणि आवाज काय, माणसाचाही येतो.

"घरात कण्हणारं एक माणूस पुरे हाये, निशातचे अब्बा. तुमच्या अम्मी हायेत ना त्या कामाले."

भाऊंनी तोंड उघडलं. पुढे एक वळण आलं आणि गाडीच बोलली.

चंद्रपुरात रहमतबींचा धाकटा भाऊ सरफराज याचं गॅरेज होतं. त्याला दुसऱ्याच दिवशी बोलावणं गेलं. सरफराज नुसता आवाज ऐकून गाडीचा रोग सांगे. त्याचं पहिलं निदान नेहमी चुकायचं आणि दुसरं नेहमी बरोबर यायचं. जुनी गिऱ्हाईकं त्यामुळे त्याला चहा पाजून पहिलं निदान आधी उरकून घेत. भाऊ घरातले पडले, त्यांना कोण सांगणार? सरफराजने गाडीला एक फेरी मारली, डोळे मिटले, आणि चाकाचं बेअरिंग गेलं आहे असं इतक्या दुःखाने सांगितलं, की भाऊंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बेअरिंग गडचिरोलीहून आलं, बसलं. गाडी नव्या बेअरिंगवर जुन्याच सुरात कण्हली. जुनं बेअरिंग चांगलं होतं. ते भाऊंच्या काट्यावर वजन म्हणून लागलं.

मग सरफराज दुसऱ्या निदानाकडे वळला. गाडीखाली शिरला आणि मागच्या गोळ्याचा वरचा नट, म्हणजे ऑइल भरायचा, तो आधी ढिला केला. खालचा, सोडायचा, नंतर. ऑइल सोडून दिलं आणि मग कळलं की भरायचा नट गंजून बसला आहे, तर गाडी आणि माणूस दोघंही रिकामे बसतात, असं तो खालूनच म्हणाला. वरच्या नटाच्या भोकात त्याने बोट घातलं, बाहेर काढलं, वास घेतला. मग गाडीखालून फक्त त्याचं तोंड बाहेर आलं.

"दुल्हेभाई, ह्याच्यात नव्वद कोनं टाकलं?"

गफ्फारभाऊंनी आकाशाकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं.

"डॉक्टरनं टाकलं असंल."

"डॉक्टर सुईनं टाकते. हे बादलीनं टाकलं हाये."

रहमतबी दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या, आणि आत पातेलं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.

सरफराजने मग भाऊंना समजावलं, आणि ते त्याने असं समजावलं की पुढे धानोऱ्यात सोयरीक जुळवणारे लोकही तो दाखला देऊ लागले. या गोळ्याच्या पुढच्या तोंडाशी क्लचच्या चकत्यांची एक गड्डी असते, ऑइलमध्ये बुडालेली. ती म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधला मध्यस्थ. पुढची चाकं घसरून जास्त फिरायला लागली, की ऑइलचा दाब वाढतो, चकत्या एकमेकींना धरतात, आणि मागची चाकं मदतीला येतात. नाल्यात झालं ते हेच. आता वळणाचं. वळणावरही पुढची चाकं मोठा फेरा घेतात आणि मागची लहान, म्हणजे पुढची जरा जास्तच फिरतात. पण हे भांडण नव्हे. हे संसारात चालतंच. चांगला मध्यस्थ अशा वेळी गप्प राहतो. त्याच्यासाठी ऑइल खास असतं, पातळ, चकत्यांना सैल सोडणारं आणि गरजेला धरू देणारं. आणि तेही दर थोड्या वर्षांनी बदलावं लागतं, कारण मध्यस्थ कितीही चांगला असला तरी जुना झाला की चिकट होतो.

"तुमी मध्यस्थाच्या तोंडात डिंकाचा लाडू कोंबला," सरफराज म्हणाला. "तो साध्या वळनावर बी मंधात पडून राह्यला. धरते, सोडते, धरते, सोडते. तोच आवाज येऊन राह्यला."

गफ्फारभाऊंना फार वाईट वाटलं. त्यांनी तो लाडू प्रेमाने दिला होता.

खास ऑइल नागपूरहून एसटीने आलं. सरफराजने नव्वद नंबर सोडलं, सोडायच्या नटाला लागलेला लोखंडाचा बारीक काळा गाळ पुसला, नटाखाली तांब्याचं नवं वायसर घातलं, आणि नवं ऑइल वरच्या भोकातून ओघळेपर्यंत भरलं. भाऊंनी बिस्मिल्ला म्हणून गाडी काढली, अंगणातच फुल्ल कट मारला, आणि गाडी कण्हली. पूर्वीपेक्षा जरा स्पष्ट. घशातली खरखर तेवढी गेली होती.

रविवार उद्यावर आला होता. सरफराज कपाळाला हात लावून ओट्यावर बसला आणि मग त्याला आठवलं. चकत्या नव्वद नंबर पिऊन बसल्या होत्या. नुसतं वरून ओतून भागत नाही. नवं ऑइल भरल्यावर स्टेअरिंग पूर्ण कापून गाडी गोल गोल, हळूहळू, पुष्कळ वेळ फिरवावी लागते. म्हणजे चकत्या घासतात, जुनं सोडतात, नवं पितात. मग ते मळलेलं ऑइल पुन्हा सोडायचं आणि पुन्हा ताजं भरायचं. एक डबा त्यासाठीच जास्तीचा मागवला होता. तो कशासाठी मागवला हे तो विसरला होता.

आता गोल फिरायला जागा हवी. सपाट, टणक, आणि जिथे आवाजाने कोणी घाबरणार नाही अशी. शाळेच्या मैदानावर खेळांच्या स्पर्धा होत्या. हेडमास्तरांनी गाडीला कोणत्या गटात घालायचं असा प्रश्न विचारला. बसस्टँडवर कंट्रोलरने सांगितलं, की इथे गाडी येऊ शकते आणि जाऊ शकते, फिरत राहू शकत नाही. बाजाराच्या पटांगणावर बकऱ्यांचे व्यापारी उतरले होते, आणि त्यांनी टपरीवरच्या बकरीची हकीकत ऐकली होती.

संध्याकाळी कोसमटोल्याचा डोमा हिरड्याचं पोतं घेऊन भाऊंच्या दुकानात आला. डोमा आणि भाऊंचा जुना घरोबा. भाऊंचा चेहरा पाहून त्याने पोतं न मोजताच खाली ठेवलं. सगळं ऐकल्यावर तो म्हणाला, की माझं खळं तयार आहे. कालच सारवून घेतलं, वाळलं आहे, आणि अजून रिकामं आहे. या उद्या सकाळी.

रविवारी सकाळी भाऊ, सरफराज आणि रहमतबी कोसमटोल्याला गेले. रहमतबी मागच्या सीटवर बसल्या होत्या. आवाज गेला की नाही हे दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून त्या मानणार नव्हत्या. वरोऱ्याच्या पाहुण्यांसाठी घरी लेकीकडे, निशातकडे, निरोप ठेवला होता, की तिकडेच या.

खळं खरोखर देखणं होतं. गावाबाहेर मोठ्या मोहाच्या झाडापलीकडे, शेणानं सारवलेलं, टणक, ताटासारखं गोल आणि गुळगुळीत. कडेला कापलेल्या धानाच्या भाऱ्यांचे पुंजणे रचलेले. भाऊंनी गाडी खळ्यात घालायला गिअर टाकला, तेवढ्यात डोमाची बायको सोमारी आडवी आली.

"भाऊ, खळ्यात चप्पल नाई चालत."

भाऊंनी गाडीतच चपला काढल्या. सरफराजने बूट काढले. रहमतबींनीही काढल्या. सोमारी हलली नाही. ती चाकांकडे पाहत होती.

सरफराज हसला, पण एकटाच. धान ज्या जागेवर पडतं तिथे पायताण घेऊन कोणी जात नाही, आणि ही चाकं बाजारातून, नाल्यातून, शेणातून आली होती. चाकं काढून ठेवता येत नाहीत हे सोमारीला समजत होतं. तिचा तेवढा आग्रहही नव्हता. ती घागर घेऊन आली. चारही चाकं नारळाच्या काथ्याने घासून धुतली गेली, आणि खळ्यापर्यंतच्या वाटेवर तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, गालिचा अंथरला गेला. त्यावरून गाडी अशी आत आली, की सासरी पहिल्यांदा येणाऱ्या नवरीलाही एवढं जपून आणलं नसेल. एव्हाना गाव जमलं होतं. म्हातारी माणसं पुंजण्यांना टेकून बसली.

भाऊंनी उजवीकडे फुल्ल कट मारला.

"हिल्ले," डोमा म्हणाला.

गोंडीत हिल्ले म्हणजे नाही. पण मराठीतल्या नाहीत पुढे बोलायला थोडी फट असते, ती यात नसते. डोमाने हाताने दाखवलं, असं नाही, असं. उजवीकडून डावीकडे. इथल्या लग्नाचे फेरे तसे, जातं तसं, मळणीला भाऱ्यांवरून फिरणाऱ्या बैलांचा फेर तसा. उलटा फेर या गावात कोणी घेत नाही, गाडीनेही घेऊ नये.

भाऊंनी लगेच स्टेअरिंग डावीकडे कापलं. पण सरफराजने गाडी थांबवली. दोन्हीकडे फिरवावी लागते, तो म्हणाला. अर्धा वेळ डावीकडे, अर्धा वेळ उजवीकडे. एकीकडेच फिरवली तर काम अर्धं राहील आणि आवाजही अर्धा राहील. डोमाने पुन्हा तोच एक शब्द उच्चारला. सरफराजने पंप, दाब, चकत्या, सगळं सांगितलं. डोमाने सगळं ऐकून घेतलं आणि तोच शब्द तिसऱ्यांदा उच्चारला, पहिल्याइतक्याच प्रेमाने. गफ्फारभाऊ मध्ये सापडले. एका बाजूला मेहुणा, दुसऱ्या बाजूला जुना दोस्त, मागे बायको, आणि वरोऱ्याची गाडी कुठल्याही क्षणी येणार. मध्यस्थाचं काम किती कठीण असतं, हे त्यांना त्या वेळी चकत्यांइतकंच कळलं.

"सरफराज," मागच्या सीटवरून आवाज आला. "खरं सांग. उजवीकडं काऊन लागते?"

"लागते, आपा."

"काऊन पन?"

सरफराजने डोकं खाजवलं. त्याने मान वाकवून गाडीखाली पाहिलं, हाताची बोटं एकमेकांत घालून फिरवून पाहिली. मध्यस्थाला पुढचं आणि मागचं तेवढं कळतं. डावं-उजवं त्याला कळायचं कारणच नाही.

"उस्ताद दोन्हीकडं फिरवत होते," तो शेवटी म्हणाला.

म्हणजे दोन्ही बाजूंनी रिवाजच होता. एक कोसमटोल्याचा आणि एक नागपूरच्या उस्तादांचा. खळं कोसमटोल्याचं असल्यामुळे त्याचा रिवाज ठरला.

गाडी डावीकडे फिरू लागली. पहिले फेरे फार वाईट गेले. गाडी कण्हे, थरथरे, थांबे, पुन्हा कण्हे. कुत्री लांब गेली. एक म्हातारी आपल्या सुनेला म्हणाली, की अडली आहे बिचारी, पण मोकळी होईल. भाऊंनी कपाळावरचा घाम पुसला. रहमतबी मागे ताठ बसल्या होत्या, दोन्ही तळवे सीटवर टेकवून, वैद्य नाडी पाहतो तशा. फेऱ्यांमागून फेरे झाले. खळ्यावर चाकांची एक चकचकीत वाट पडली. मग केव्हा तरी आवाज तुटक झाला. मग एका फेऱ्यात एकदाच आला. म्हातारीने पदर सारखा केला.

सरफराजने गाडी थांबवली आणि तिला खळ्याबाहेर तणसावर घेतली. ऑइल पुन्हा सोडलं. ते पाण्यासारखं गेलं होतं आणि मधासारखं निघालं. सगळ्यांनी वाकून पाहिलं. आत काय काय साठलेलं असतं, असं कोणी तरी म्हणालं, आणि ते गाडीबद्दलच असावं. शेवटचा डबा वरच्या भोकातून गेला, नट आवळला, आणि तेवढ्यात वरोऱ्याचे व्यापारी येऊन पोचले.

गृहस्थ सभ्य होते. पांढरे कपडे, पॉलिश केलेले बूट. सोमारीने त्यांना खळ्याच्या कडेला अडवलं. ते मोज्यांवर उभे राहिले, आणि मोज्यातून त्यांचा एक अंगठा बाहेर आला होता, त्यामुळे बोलताना त्यांचं लक्ष सारखं खाली जात होतं. त्यांनी गाडी पाहिली, छान आहे म्हणाले, आणि एक फेरी ऐकायची इच्छा दाखवली. ती तर सगळ्यांनाच होती.

चाकं पुन्हा धुतली गेली. गफ्फारभाऊ बसले. रहमतबी बसल्या. भाऊंनी स्टेअरिंग शेवटपर्यंत कापलं आणि क्लच सोडताना डोळे मिटले. एवढ्या मोकळ्या जागेत ते मिटायला हरकत नव्हती.

गाडी फिरली. कोंबड्यांचा आवाज आला, लांबून कुऱ्हाडीचा आला, तणसावर चालणाऱ्या पोरांचा आला. गाडीचा आला नाही.

"अजून एक," रहमतबी म्हणाल्या. "हळू."

भाऊंनी हळू घेतलं. इतकं हळू, की मोहाचं झाडच गाडीभोवती फिरत असल्यासारखं वाटावं. रहमतबींनी तळवे सीटवर दाबले, वाकल्या, कान जवळ नेला. मग सरळ बसल्या. गाडी थांबवायला लावून उतरल्या, पदर डोक्यावरून घेतला, आणि वरोऱ्याच्या व्यापाऱ्यांपाशी गेल्या. त्यांनी गाडीचा विषयच काढला नाही. म्हणाल्या, "आले तं जेवूनच जा, भाऊ. सोमारीबाईनं कोंबडी टाकली हाये."

व्यापारी समजूतदार होते. त्यांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा रहमतबींकडे, आणि बूट घालायच्याऐवजी मोजेही काढून टाकले.

गफ्फारभाऊ गाडीच्या दारात उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. खाली सारवलेलं खळं, वर निळं आभाळ, भोवती गाव, आणि मागे गप्प झालेली गाडी, असं सगळं जुळून आल्यावर माणसाला बोलल्याशिवाय राहवत नाही. भाऊ बोलले. मध्यस्थ कसा असावा, यावर बोलले. धरायचं कधी आणि सोडायचं कधी हे ज्याला कळलं, त्याने गाडी जिंकली, घर जिंकलं, दुनिया जिंकली, असं ते म्हणाले. दर दोन वर्षांनी माणसानं आपलंही ऑइल बदलून घेतलं पाहिजे, असं ते म्हणाले. या खळ्यावर आज जे झालं ते साधं काम नव्हतं, ही इबादत होती, आणि ही गाडी आता फक्त माझी राहिली नाही, ती कोसमटोल्याची झाली, असं म्हणून त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. बोलणं चांगलं लांबलं. सरफराजने डोकं खाली घातलं. म्हातारीने डोळे पुसले. रहमतबी दुसरीकडे पाहत होत्या, पण ऐकत होत्या.

डोमा शेवटपर्यंत हात बांधून उभा होता. भाऊंचं पूर्ण बोलून झालं आहे याची त्याने खात्री करून घेतली. मग जवळ आला, एकदा चारही धुतलेल्या चाकांकडे आणि एकदा पुंजण्याकडे पाहिलं, आणि हळूच विचारलं,

"भाऊ, अजून फिरवतच असान तं खाली चार भारे पसरून देऊ काय?"